परदेशी अभ्यासक्रम तीन विद्यापीठांच्या शिक्षकांनी मिळून चालवताना यजमान गावातील शिक्षकाचे स्थान काय असावे?

नदीकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार. मी पुण्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात भूगोल शिकवते. पुढच्या वर्षी ‘नदी आणि शहर’ हा अभ्यासक्रम आम्ही तिघे शिक्षक मिळून चालवण्याच्या विचारात आहोत. माझ्याबरोबर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका लहान महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत आणि ऱ्हाइनकाठच्या एका जर्मन विद्यापीठातील जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. प्रत्येकाचे सहा असे एकूण अठरा विद्यार्थी तीन आठवडे पुण्यात आणि दोन आठवडे ऱ्हाइनच्या काठी राहतील. त्याआधी सहा आठवडे दर आठवड्याला एक ऑनलाइन वर्ग असेल.

विषय तिघांच्याही जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेले पेशवेकालीन पाणी आहे आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यानंतरची पुराची खूण अजूनही दाखवणारी माणसे आहेत. तिकडे योहान टुल्ला या अभियंत्याच्या योजनेनुसार १८१७ पासून वरची ऱ्हाइन सरळ करण्यात आली, बाझेल ते वर्म्स या टप्प्यात नदी सुमारे ८१ किलोमीटरने आखूड झाली, आणि आज तिथले बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य पुराचे पाणी पसरायला काठावर तेरा ठिकाणी पुन्हा जागा करून देत आहे. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून शिकवता आली, तर विद्यार्थ्यांच्या हाती काय लागेल याची मला चांगली कल्पना आहे.

माझी अडचण विषयाची नाही, माझ्या जागेची आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठाचा गट तीन आठवड्यांसाठी पुण्यात आला होता. वाचनाची अर्धी यादी मी केली, चार व्याख्याने दिली आणि मुलांना मुळशीच्या धरणाकाठी नेले. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जिथे सत्याग्रह झाला, तिथे बुडालेल्या गावांतील घराण्यांची आजची पिढी त्यांना भेटवली. माहितीपत्रकात माझा उल्लेख ‘स्थानिक समन्वयक’ असा होता. निबंध तपासण्याचा अधिकार मला नव्हता आणि ते मला वाचायलाही मिळाले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच गावी गेले, तेव्हा ज्या आजींच्या ओसरीवर मुली दोन तास वह्या भरत बसल्या होत्या, त्यांनी मला विचारले, “त्या पोरींनी लिहून नेलं, त्याचं पुढं काय झालं गं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर देता येईल अशी व्यवस्था असल्याशिवाय मी पुन्हा कोणाला त्या ओसरीवर नेणार नाही.

म्हणून ज्यांनी असे संयुक्त अभ्यासक्रम चालवले आहेत, त्यांत शिकवले आहे, किंवा त्यांतील विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेतले आहे, त्यांना विचारते. यजमान गावातील शिक्षकाला बरोबरीचे स्थान मिळण्यासाठी कोणत्या गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात?

सदाशिवकर

नदीकाठताई, मी शिक्षिका नाही. आमचे घर मात्र अनेक वर्षे यजमान कुटुंब होते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट हा अमेरिकेतील लहान महाविद्यालयांचा संघ १९५८ मध्ये स्थापन झाला. कार्लटन, मॅकॅलेस्टर, ग्रिनेल, बेलॉइट, लॉरेन्स अशी चौदा महाविद्यालये आज त्यात आहेत. या संघाचा भारतविषयक अभ्यासक्रम १९६९ पासून पुण्यात सुरू झाला. मुले पुण्यातील कुटुंबांत राहत, मराठी शिकत आणि एका विषयावर स्वतंत्र प्रकल्प करत. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या मुलीचा प्रकल्प भाजीबाजारातील बायकांवर होता. ती रोज पहाटे आमच्या सासूबाईंबरोबर मंडईत जाई आणि संध्याकाळी दिवसभराची वही सासूबाईंना वाचून दाखवी. चुका त्याच दुरुस्त करत. ‘गवार महाग झाली’ आणि ‘गवार कडाडली’ यांतला फरक त्या मुलीला त्यांनीच समजावला.

आता मुद्द्याचे सांगते. मुलांबरोबर अमेरिकेहून येणारे प्राध्यापक बदलत असत. एका वर्षी इतिहासाचे, तर दुसऱ्या वर्षी धर्माभ्यासाचे; आणि प्रत्येकाचे महाविद्यालय वेगळे. पुण्यात मराठी शिकवणाऱ्या बाई, कार्यालय सांभाळणारी माणसे आणि आम्ही कुटुंबे मात्र तीच राहत होतो. कोणत्या मुलाला कोणत्या घरी ठेवावे, कोणते गाव पाहुण्यांना कंटाळले आहे आणि कोणत्या संस्थेकडे यंदा जाऊ नये, हे सगळे ज्ञान इकडे साठत होते. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांना ते दरवर्षी नव्याने सांगावे लागे. त्यांतील जे चांगले होते ते आल्याबरोबर पहिला आठवडा ऐकण्यात घालवत. आपल्या करारात या साठलेल्या ज्ञानाला काही नाव आणि काही मोल असावे, असे मला मनापासून वाटते.

गोठलेले_तळे

मी मिनेसोटातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि परदेशी अभ्यासक्रमांच्या समितीवर आहे. सदाशिवकर यांनी फार महत्त्वाचे लिहिले आहे. संघ का झाले, हे त्याला जोडून सांगतो.

अमेरिकेतील परदेशी शिक्षणाची सुरुवात एकाच विद्यापीठाने केलेल्या प्रयोगातून झाली, असे मानतात. जुलै १९२३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. फ्रेंच शिकलेले आठ विद्यार्थी एका विद्यापीठात मिळू शकतात. परंतु दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात दरवर्षी मराठी शिकून पुण्यात राहायला तयार असलेले पंधरा जण कुठून मिळणार? चौदा महाविद्यालये एकत्र आली की ते मिळतात, खर्च वाटला जातो आणि एखाद्या वर्षी एका ठिकाणाहून कोणीच आले नाही, तरी पुण्यातील कार्यालय बंद करावे लागत नाही. संघाचा खरा उपयोग हा आहे. एकट्या प्राध्यापकाच्या उत्साहावर उभा असलेला अभ्यासक्रम तो प्राध्यापक निवृत्त झाला की बहुधा संपतो. हे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.

शिक्षकाच्या अंगाने याचे सर्वांत बोलके उदाहरण एलिनॉर झेलियट यांचे आहे. कार्लटन महाविद्यालयात त्यांनी १९६९ ते १९९७ इतिहास शिकवला. आंबेडकरी चळवळीवरचे त्यांचे संशोधन महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे, आणि पुण्याच्या या कार्यक्रमाशी त्यांचा दीर्घ संबंध होता. त्या विद्यार्थ्यांना घेऊन ज्या शहरात येत, त्याच शहरात त्यांचे स्वतःचे काम चालू असे, आणि त्या कामाची दखल घेणारे व त्यावर वाद घालणारे अभ्यासक इथेच होते. येणाऱ्या प्राध्यापकाला यजमान गावाकडून स्वतःला काही शिकायचे असेल, तर स्थानिक शिक्षकाचे स्थान आपोआप सुधारते. तसे नसेल, तर उत्तम करारही फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना एक सरळ प्रश्न विचारून पाहा : पुण्यात त्यांना स्वतःला काय अभ्यासायचे आहे?

कार्यालयीन

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा आणि नंतर परदेशी विद्यार्थी विभागात पंचवीस वर्षे काम करून निवृत्त झालो. तत्त्वाचे मुद्दे इतरांनी मांडले आहेत, मी कागदपत्रांविषयी लिहितो. बरोबरीचे स्थान कागदावर नसेल, तर ते गुणपत्रकावर उमटत नाही.

पहिली गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाने २ मे २०२२ रोजी परदेशी संस्थांबरोबरच्या शैक्षणिक सहकार्याचे विनियम अधिसूचित केले. त्यांत जोड-कार्यक्रम, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार आहेत. पहिल्यात विद्यार्थी परदेशी संस्थेकडून जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक (क्रेडिट) घेऊ शकतो. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडून प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. पात्रतेसाठी संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे किमान ३.०१ गुण, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरांत स्थान किंवा प्रतिष्ठित संस्थेचा दर्जा लागतो. हे नियम पदवीविषयी आहेत. आपला विषय एका अभ्यासक्रमाचा आहे, त्यामुळे इतक्या मोठ्या दारातून जाण्याची गरज नाही. सामंजस्य करार करावा आणि अभ्यासक्रम आपल्या अभ्यासमंडळाकडून व विद्यापरिषदेकडून आपला म्हणून मंजूर करून घ्यावा. ‘आपला म्हणून’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. तिन्ही संस्थांनी एकाच मजकुराचा अभ्यासक्रम आपापल्या क्रमांकाने स्वतःच्या पत्रिकेवर घेतला, तर तिन्ही शिक्षक आपापल्या संस्थेत त्याचे परीक्षक ठरतात. मग कोणालाही कोणाचा समन्वयक म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट श्रेयांकांची. आपल्याकडे वर्षाचे ४०, युरोपात ६० आणि अमेरिकेत साधारण ३० श्रेयांक धरतात. या हिशेबाने आपले ४, युरोपचे ६ आणि अमेरिकेचे ३ एकमेकांना जुळतात. मात्र तासांत पाहिले, तर राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार आपले ४ श्रेयांक म्हणजे १२० तास, अमेरिकेचे ३ म्हणजे सुमारे १३५ तास आणि युरोपचे ६ म्हणजे १५० ते १८० तास होतात. त्यात वाचन आणि घरचे कामही मोजलेले असते. हा फरक आधी लक्षात घेतला नाही, तर शेवटच्या आठवड्यात जर्मन प्राध्यापक तीस पानी अहवाल मागतात आणि आपली मुले हवालदिल होतात. सर्वांत जास्त तासांच्या मापाने काम आखावे आणि ते पहिल्या ऑनलाइन वर्गापासून मोजायला लागावे.

तिसरी गोष्ट व्हिसाची. श्रेयांक मिळणार असतील, तर पाहुण्या विद्यार्थ्यांना पर्यटक व्हिसावर आणू नये. पर्यटक व्हिसावर भाषा, संगीत वगैरेंचे अल्पकालीन अनौपचारिक वर्ग चालतात, पण प्रमाणपत्र किंवा श्रेयांक देणारे शिक्षण त्यात बसत नाही. तीन आठवड्यांसाठी हा खटाटोप कशाला, असे तुमचे सहकारी म्हणतील. त्या वेळी ठाम राहावे. मुले ज्या घरी किंवा वसतिगृहात उतरतील, तिथल्या यजमानाने चोवीस तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद (पूर्वीचा फॉर्म सी) करायची असते. आपल्या मुलांसाठी जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून सहाही मुलांचे पारपत्र आजच तपासा. आमच्या वेळी एका गुणी मुलाचे जाणे केवळ पारपत्रावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव न जुळल्याने राहिले. त्याची आई कार्यालयात येऊन काही न बोलता बसून राहिली होती, ती मी विसरलेलो नाही.

नदीकाठ

तिघांचीही मनापासून आभारी आहे. कार्यालयीन सर, अभ्यासक्रम तिन्ही ठिकाणी आपापल्या क्रमांकाने नोंदवण्याची सूचना मला सुचलीच नव्हती. आज दोघांनाही तसे कळवले.

वेळापत्रकाचे कोडे कसे सोडवले ते सांगते, कारण इतरांना त्याचा उपयोग होईल. जर्मनीत उन्हाळी सत्राची व्याख्याने एप्रिलपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात आणि पुढची ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालये ऑगस्टच्या अखेरीस उघडतात. आमचे सत्र जुलैत सुरू झालेले असते. तिघांना सामाईक अशी फट जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंतच मिळते. सुदैवाने तेव्हाच मुठेला पाणी असते. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, तर तो दिवस कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा ठरेल. ऑनलाइन वर्ग जूनच्या मध्यापासून घेऊ. पुण्यात संध्याकाळचे साडेसात, जर्मनीत दुपारचे चार आणि मध्य अमेरिकेत सकाळचे नऊ ही एकच वेळ तिघांना सोयीची पडली.

तीन_ऋतू

मी दोन वर्षांपूर्वी जर्मनीत एक सत्र शिकून आले. विद्यार्थ्यांच्या बाजूने श्रेणीविषयी लिहिते, कारण आम्हाला त्याची जी धास्ती वाटली ती शिक्षकांच्या फारशी लक्षात आली नाही.

जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची. परदेशी श्रेणी त्यांच्या मापात आणण्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल श्रेणीतून आपली श्रेणी वजा करायची, कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणींतील फरकाने तिला भागायचे, उत्तराला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा. दहापैकी ८.५ असलेल्याचे, किमान श्रेणी ४ धरली तर, १.७५ होतात. हे ठीक आहे. उलटा प्रवास मात्र कोणीच सांगत नाही. मला तिथे २.३ मिळाले. तिथल्या वर्गात ती चांगली श्रेणी समजली गेली, पण परत आल्यावर तिचे आपल्या मापात काय करायचे हे ठरायला सात महिने लागले आणि तोपर्यंत माझ्या गुणपत्रिकेत ती जागा रिकामी राहिली. शिष्यवृत्तीचा एक अर्ज त्यामुळे गेला. माझी कळकळीची विनंती आहे की रूपांतराचा तक्ता मुले विमानात बसण्यापूर्वी छापील स्वरूपात त्यांच्या हाती असावा आणि त्यावर तिन्ही विद्यापीठांच्या सह्या असाव्यात.

दुसरे असे की वर्गात बोलण्यालाही तिथे गुण असतात. आमच्यातील दोन मुली अतिशय हुशार होत्या, पण विचारल्याशिवाय बोलू नये या वळणात वाढलेल्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांना ‘तयारीविना येणाऱ्या’ समजले जात होते. तीन देशांचे शिक्षक असलेल्या वर्गात हे आधीच कोणी तरी सांगायला हवे.

पंचगंगा

मी कोल्हापूरकडच्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडेही असे प्रस्ताव येतात. आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे पैसा आणि जाण्याची संधी.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते. हे जवळजवळ सगळे पदवी घेण्यासाठी, पदरचे पैसे किंवा कर्ज घालून गेलेले. एका सत्रासाठी किंवा पाच आठवड्यांसाठी जाऊन परत येणे ही सोय आपल्या सामान्य घरातील मुलाला जवळजवळ उपलब्धच नाही. अशा संयुक्त अभ्यासक्रमात त्यांची मुले इकडे येतात आणि आपली मुले त्यांना विमानतळावरून आणायला जातात, हेच आजवर जास्त घडले आहे. ताईंच्या योजनेत सहा मुले तिकडे जाणार आहेत, ही तिची सर्वांत मोलाची बाजू आहे. परंतु ती सहा मुले कोणती? खर्च ज्याचा त्याने करायचा ठरला, तर ती सहा कोणत्या घरांतील असतील हे आपण सगळे जाणतो.

युरोपमध्ये १९८७ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना ११ देशांत ३,२४४ विद्यार्थ्यांनी सुरू झाली. विद्यार्थ्याने शुल्क आपल्या मूळ विद्यापीठातच भरायचे, यजमान विद्यापीठाने त्याच्याकडून शिकवणीचे शुल्क घ्यायचे नाही, हे तिचे मूळ तत्त्व होते. २०१५ पासून युरोपबाहेरील विद्यापीठांबरोबरही तिच्यातून देवाणघेवाण होते आणि अनुदानात प्रवास व राहणे येते. जर्मन सहकाऱ्यांनी आपल्या विद्यापीठातर्फे त्यासाठी अर्ज करावा, अशी अट ताईंनी सुरुवातीलाच घालावी. अर्ज तिकडच्या विद्यापीठानेच करायचा असल्यामुळे ही गोष्ट त्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे आणि तिथेच त्यांची बरोबरीची भाषा कसाला लागेल.

भाषेबद्दलही एक सांगतो. तीन शिक्षकांचा वर्ग इंग्रजीत चालणार, याला इलाज नाही. पण मुळशीच्या आजींशी अठरा मुले इंग्रजीत बोलणार नाहीत. दुभाष्याचे काम आपल्या सहा मुलांच्या गळ्यात पडेल आणि त्यांचा स्वतःचा अभ्यास मागे राहील. पाहुण्यांना थोडी तरी मराठी शिकवा. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची जी पाठ्यपुस्तके तयार केली, ती याच गरजेतून. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गात दर वेळी वीस मिनिटे मराठीला द्यावीत. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ एवढा एक प्रश्न त्यांना नीट विचारता आला, तरी ओसरीवरचे बोलणे बदलेल.

गोठलेले_तळे

पंचगंगा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही बरोबरीच्या बाबतीत एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाही तर ताईंचा पुढे अपेक्षाभंग होईल.

आमच्या विद्यार्थ्याला पुण्यात अपघात झाला किंवा त्याच्याविरुद्ध अथवा त्याने कोणाविरुद्ध तक्रार केली, तर उत्तरदायित्व आमच्या महाविद्यालयाचे असते आणि ते दुसऱ्याकडे सहज सोपवता येत नाही. त्यामुळे पुराच्या दिवशी नदीकाठी न्यायचे की नाही, कोणाला घरी परत पाठवायचे, असे निर्णय आमचे प्राध्यापक आपल्या हातून सोडणार नाहीत. भिडे पूल पाण्याखाली गेलेला पाहायला अठरा मुलांना नेण्याची कल्पना वाचूनच आमच्या विमा कार्यालयाला घाम फुटेल. अभ्यासक्रम, वाचन, मूल्यमापन आणि प्रकाशन यांत पूर्ण बरोबरी मागावी. सुरक्षिततेच्या निर्णयांत प्रत्येकाने आपापल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यावी, पण नदीचा धोका किती आहे हे मात्र पुण्यातील शिक्षिकेने सांगावे आणि तिने ‘नाही’ म्हटले तर ते सर्वांना बंधनकारक असावे. नकाराचा अधिकार स्थानिक शिक्षकाकडे असणे ही मोठी गोष्ट आहे. आमच्या करारांत आम्ही ती अलीकडे घालू लागलो आहोत.

मूल्यमापनाचा एक उपाय आमच्याकडे उपयोगी पडला, तो सांगतो. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी तिघांनी जुने पाच निबंध स्वतंत्रपणे तपासावेत आणि मग एकत्र बसावे. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा एकाच निबंधाला मी चांगली श्रेणी दिली होती, कारण त्यात एक धीट विचार होता. भारतातील सहकाऱ्यांनी जेमतेम उत्तीर्ण केले होते, कारण विचारलेल्या पाचपैकी दोन मुद्द्यांना स्पर्शच नव्हता. दोघेही बरोबर होतो. त्या दुपारी दोन तास बोलून आम्ही जी निकषांची एक पानी यादी केली, ती पुढे पाच वर्षे टिकली.

नदीकाठ

काल रात्री आम्ही तिघे दोन तास बोललो. आपल्या सर्वांच्या सूचना मी भाषांतर करून त्यांच्यासमोर ठेवल्या होत्या. जे ठरले ते कळवते.

अभ्यासक्रम तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदवला जाईल आणि प्रत्येक निबंध दोन शिक्षक तपासतील, त्यांतील एक यजमान गावातील असेल. म्हणजे पुण्यावरचा प्रत्येक निबंध माझ्याकडे येईल आणि ऱ्हाइनवरचा जर्मन सहकाऱ्यांकडे. कामाचे तास १५० धरले आहेत. श्रेणींचा तक्ता मे अखेरपर्यंत सह्यांसह तयार होईल. तीन_ऋतू, हे तुमच्यामुळे झाले. नदीकाठी जाण्याबाबत माझा नकार अंतिम राहील. इरॅस्मसच्या अर्जाला जर्मन प्राध्यापकांनी तत्काळ होकार दिला. अमेरिकी प्राध्यापिकांनी मात्र आपल्या महाविद्यालयाचे शुल्क त्यांच्या मुलांना माफ करता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्याऐवजी त्या शुल्कातील काही भाग आमच्या सहा मुलांच्या प्रवासासाठी वळवता येईल का, ते त्या अधिष्ठात्यांना विचारणार आहेत. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

गोठलेले_तळे यांनी सुचवलेला प्रश्न मी दोघांना विचारला. जर्मन प्राध्यापकांना कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंतच्या जुन्या नळाचा उतार स्वतः मोजायचा आहे. इतिहासाच्या प्राध्यापिका बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांना मुळशीच्या आजींना भेटायचे आहे, पण वही न घेता.

निबंधांबाबत असे ठरले की मुळशीवरचे सगळे लेखन नोव्हेंबरपर्यंत मराठीत येईल आणि आमची सहा मुले ते गावात जाऊन वाचून दाखवतील. या वाचनाला मूल्यमापनात दहा गुण आहेत. ज्यांच्या घरी बसून माहिती घेतली, त्यांनी एखादी गोष्ट चुकीची आहे असे सांगितले, तर ती दुरुस्त झाल्याशिवाय अंतिम श्रेणी दिली जाणार नाही. आजींची प्रकृती तितकीशी बरी नाही, म्हणून पहिले वाचन त्यांच्याच ओसरीवर होईल.

आता एक व्यावहारिक प्रश्न. बारा पाहुण्या विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांची सोय झाली आहे. तीन मुलींसाठी नदीपात्रापासून चालत जाता येईल अशा अंतरावर घर हवे आहे.

सदाशिवकर

दोघींना आमच्याकडे पाठवा. सासूबाई आता नाहीत, पण त्यांची खोली मोकळी आहे आणि खिडकीतून ओंकारेश्वराच्या बाजूची नदी दिसते. तिसरीसाठी शेजारच्या जोशीकाकूंना विचारून उद्या कळवते. मुक्कामाची ती नोंद आता ऑनलाइन करतात असे ऐकले आहे, तिचा फॉर्म कसा भरायचा हे कार्यालयीन यांनी एकदा सविस्तर सांगावे.

कार्यालयीन

ताई, मुलींच्या पारपत्राची आणि व्हिसाच्या पानाची प्रत, त्यांचे छायाचित्र आणि आपल्या घराचा पत्त्याचा पुरावा एवढे तयार ठेवा. यजमान म्हणून आपली नोंदणी आधी करावी लागते आणि ती मंजूर व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून जूनमध्येच करून ठेवू. मी शनिवारी सकाळी आपल्याकडे येतो, बरोबर बसून भरू.